एक कीबोर्ड, तीन लिप्या

सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर येण्याआधी पुठ्ठ्यावर येतो. जकार्डच्या कार्डात भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. जकार्डची ही फ्रान्समधली युक्ती 1804 सालची. पुढे हॉलरिथने अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत माणसे मोजायला भोकांचीच कार्डे वापरली. आयबीएमच्या 1928 च्या कार्डात 80 रकाने होते आणि कॉम्प्युटरचे पडदे आले तेव्हा त्यांच्या ओळीतही 80 अक्षरेच राहिली. जुने कॉम्प्युटर टर्मिनल हे आपल्या मागाचे लांबचे भाऊबंद आहे, ते असे.

टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, मध्ये वायर. डेक कंपनीचे 1978 चे व्हीटी-100 हा त्यातला नामांकित नमुना. काळ्या पडद्यावर उजळ अक्षरे, माउस नाही, चित्रे नाहीत. कळ दाबली की टक् आवाज यावा म्हणून त्यात छोटा स्पीकर बसवला होता. बोटांना टाइपरायटरची सवय होती, तिचा असा मान राखला गेला. पण हे सारे इंग्रजीपुरते.

आपल्या लिप्यांचे टर्मिनल घडले ते आयआयटी कानपूरच्या प्रकल्पातून. मोहन तांबे आणि सहकाऱ्यांचे हे काम 1988 मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्याचे नाव जिस्ट. त्याच्या पडद्याचे मला फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते त्यावरच्या इनस्क्रिप्ट या कीबोर्डचे.

मराठी टाइपरायटरने अक्षरांचे तुकडे केले होते: अर्धा ख, मग काना जोडून पूर्ण ख. पन्नासच्या आत कळा, त्यात सारी जोडाक्षरे बसवायची, मग दुसरे काय करणार? इनस्क्रिप्टने तुकडे टाकून वर्णमाला घेतली. उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, डाव्या हाताला स्वर. मधल्या ओळीत उजव्या बोटांखाली प, क, त, च, ट, म्हणजे पाचही वर्गांची पहिली अक्षरे. त्यांच्या लगेच वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड. शिफ्ट दाबली की क चा ख, ग चा घ. डावीकडे ऱ्हस्व वेलांटीच्या वर दीर्घ, ऱ्हस्व उकाराच्या वर दीर्घ. शिफ्टने वेलांटीची इ होते. ‘स्त्री’ लिहायला स, पाय मोडायची कळ, त, पुन्हा तीच कळ, र, दीर्घ वेलांटी. उच्चाराच्या क्रमाने सहा ठोके आणि शिफ्ट एकदाही नाही. जोडाक्षर कसे दिसायचे ते टर्मिनलने पाहावे.

एक तक्रार मात्र आहे. ळ आणि ण दोन्ही शिफ्टवर टाकलेत. ‘सोलापूर’ सरळ लिहिता येते, सोलापूरचीच ‘बाळीवेस’ लिहिताना शिफ्ट शोधावी लागते!

तरीही हा कीबोर्ड सोलापूरसाठीच केला असावा, असे वाटते. इथे पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि कचेरीत मराठी. इनस्क्रिप्टमध्ये तिन्ही भाषांचा क एकाच कळेवर आहे. जिस्टवर मराठी अक्षरांत लिहिलेले नाव लिपी बदलली की तेलुगूत उमटायचे, कारण आत साठवलेले असायचे ते नुसते वर्ण. त्यांचे रूप पडद्यापुरते.

मग टायपिंग क्लासांत टाइपरायटरची जुनी रेमिंग्टन मांडणीच का टिकली? नोकरीसाठी मिनिटाला 30 मराठी शब्द लागत, ते शिकवणाऱ्यांची बोटे जुन्या यंत्रावर तयार झालेली, आणि वेग आलेली बोटे सहसा बदलत नाहीत. दोष कोणाला द्यावा? पण त्यापायी तीन भाषांच्या गावाने हाती आलेली सोय वापरली नाही, हे खरेच.

टर्मिनले भंगारात गेली. मांडणी मात्र गेली नाही: युनिकोडमधला देवनागरीचा क्रम 1988 च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावर बेतलेला आहे आणि इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये फुकट मिळतो. घरात दोन लिप्या चालत असतील त्यांनी तो एकदा सुरू करून क ची कळ दाबून पाहावी.