साबणाचे फुलझाड

युरोपातील जुन्या बागांत, ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या कडेला फिकट गुलाबी फुलांचे एक बहुवर्षायू झुडूप आढळते. इंग्रजीत त्याला 'सोपवर्ट' म्हणतात. कार्नेशनच्या कुळातील या वनस्पतीचे 'सॅपोनेरिया ऑफिसिनॅलिस' हे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये ग्रंथबद्ध केले. लॅटिनमध्ये 'सापो' म्हणजे साबण. अरबी-फारसीमार्गे मराठीत आलेल्या 'साबण' या शब्दाचे मूळही तेथवर पोहोचते.

दोन-तीन फूट उंचीच्या या झुडपाला उन्हाळ्यात पाच पाकळ्यांची फुले येतात. त्यांचा सुगंध सायंकाळनंतर अधिक दरवळतो आणि निशाचर पतंगांना आकर्षित करतो. जमिनीखालील आडव्या खोडांमुळे ते झपाट्याने पसरते. युरोपीय वसाहतवाल्यांनी उत्तर अमेरिकेत नेलेले हे बागेतले झाड तेथे रानोमाळ वाढू लागले.

याची पाने, देठ आणि विशेषतः मुळे चिरून पाण्यात मंद आचेवर उकळली की फेसाळ द्रव मिळतो. तो गाळून ताजाच वापरावा लागतो; फार दिवस टिकत नाही. हा फेस 'सॅपोनिन' या द्रव्यांचा. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे, तर दुसरा तेलाकडे ओढला जातो. त्यामुळे तेलकट मळ धाग्यापासून सुटून पाण्याबरोबर निघून जातो.

नेहमीचा साबण चरबी किंवा तेल आणि तीव्र अल्कली यांच्या संयोगातून बनतो आणि त्याचे पाणी अल्कधर्मी असते. लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे धागे अशा पाण्यात कमकुवत होतात. सोपवर्टच्या पाण्यात हा दोष नाही. म्हणूनच युरोपात लोकर धुण्यासाठी त्याचा वापर पूर्वापार होत आला. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील 'अपपार्क' या वाड्याचे जीर्ण रेशमी पडदे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लेडी मीड-फेदरस्टनहॉ यांनी याच वनस्पतीच्या पाण्याने स्वच्छ करून सांधले.

मराठी घरांत ठेवणीतली रेशमी वस्त्रे रिठ्याच्या पाण्यात धुण्यामागे हेच रसायन आहे. रिठ्याच्या फळातही सॅपोनिन असते आणि त्याच्या 'सॅपिंडस' या शास्त्रीय नावाचा अर्थच 'भारतीय साबण' असा होतो. दोन दूरच्या समाजांनी वेगवेगळ्या वनस्पतींतून एकच गुण हेरला.

मात्र वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, असे समजणे चुकीचे ठरेल. सॅपोनिन माशांना घातक असल्याने सोपवर्ट मत्स्यकुंडाच्या काठी न लावण्याचा सल्ला दिला जातो. ते पोटात गेल्यास मळमळ व जुलाब होऊ शकतात. डोळ्यांत गेल्यास आग होते. रिठ्याबाबतही हीच सावधगिरी हवी. उरलेले फेसाचे पाणी विहिरीत, तळ्यात वा ओढ्यात ओतू नये आणि भिजवलेले रिठे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत, असे ठेवावेत.