एकाच मुठीत ब्रेक आणि गिअर



आमचं दिघोरी म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं धानाचं गाव. जिकडे पाहावं तिकडे बांध्या. तरीपण शाळेच्या फाटकाशी आता जाड टायरच्या, गिअरवाल्या ‘माउंटन बाइक’ दिसू लागल्या आहेत. त्या सायकलीच्या एका लहानशा भागाची आज ओळख करून घेऊ. पण आधी माझी एक चूक ऐका.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाची सायकल पडली आणि तिची लिव्हर तुटली. ब्रेक आणि गिअर एकत्र असलेली जोडलिव्हर होती ती. मी तालुक्याला गेलो होतो, तेव्हा दुकानातून एक चकचकीत जोडी घेऊन आलो. स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतो! दुसऱ्याच दिवशी तलावाच्या पाळीवरून उतरताना त्यानं ब्रेक दाबला. लिव्हर थेट मुठीला टेकली, पण सायकल काही थांबेना. पोरगं सायकलसकट बांधीत! चिखल होता म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं.

“गुरुजी, ब्रेक लागूनच नाही राहिला जी!” तो म्हणाला.

लिव्हर नवी, वायर नवी. मग चुकलं कुठं? सांगतो.

पूर्वी रस्त्यावरच्या गिअर सायकलींना गिअरची दांडी फ्रेमच्या नळीवर असे. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढावा लागे. सपाट रस्त्यावर हे चालतं. पण दगडधोंड्यांच्या उतारावर हात सोडून कसं चालेल? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात टमालपाइस नावाच्या डोंगरावर काही हौशी तरुण जुन्या सायकली उतारावरून पळवत. 1976 साली त्यांनी त्या परिसरात शर्यतच सुरू केली. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की त्यातलं ग्रीस जळून जाई आणि नवं भरावं लागे! अशा खेळातूनच माउंटन बाइक जन्माला आली.

पुढे गिअरचे खटके हँडलवर आले. 1990 च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीनं ते हँडलखाली, अंगठ्याच्या टप्प्यात आणले. ब्रेक आणि गिअर एकाच सांगाड्यात बसवले, की मूठ न सोडता दोन्ही कामं होतात. 2003 च्या सुमारास तर ब्रेकची लिव्हरच वर-खाली हलवून गिअर बदलायची सोय निघाली. पण खडबडीत वाटेवर नको तेव्हा गिअर बदलतो, अशी अनेकांची तक्रार होती. ती पद्धत पुढे मागे पडली.

आता जोडलिव्हर निवडायची कशी, ते पाहू.

पहिली गोष्ट, दातेरी चक्रं मोजा. मागच्या चाकाशी सात असतील, तर उजवी लिव्हर सात गिअरचीच हवी. डावी लिव्हर पुढच्या चक्रांसाठी. तिथं तीन असतील तर तीनची. काही नव्या सायकलींना पुढे एकच चक्र असतं. तिथं डावीकडे गिअरचा खटका लागतच नाही!

दुसरी गोष्ट, आणि हीच मी विसरलो होतो: ब्रेकचा प्रकार. रिमच्या दोन्ही बाजूंना दोन लांब उभे हात असतात, त्याला व्ही-ब्रेक म्हणतात. त्याला वायर जास्त ओढावी लागते. जुन्या, आखूड हातांच्या ब्रेकला कमी ओढ पुरते. मी आणलेली लिव्हर कमी ओढीची आणि सायकलला व्ही-ब्रेक! रबर रिमला घट्ट बसण्याआधीच लिव्हर मुठीला टेकली. उलटी जोडी जमवली, तर ब्रेक कडक लागतो. जोर लावूनही पकड कमीच. आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला वायरची लिव्हर मुळीच चालत नाही.

तिसरी गोष्ट, एका खटक्याला वायर किती सरकते, हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. म्हणून चेन सरकवणारा मागचा भाग आणि लिव्हर यांचा मेळ आहे ना, हे दुकानदाराला आधी विचारा.

चौथी गोष्ट तुमचा हात! मूठ धरून दोन बोटं लिव्हरवर सहज पोचतात का, ते पाहा. बऱ्याच लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला, की लिव्हर मुठीजवळ येते. लहान हातांना हे फार उपयोगी, बरं का!

जोडलिव्हरचा एक तोटाही ध्यानात ठेवा. गिअरचा खटका बिघडला, तर कित्येकदा चांगला ब्रेकही सोबत बदलावा लागतो. सुटे भाग घेतले तर जे बिघडेल तेवढंच बदलता येतं. सामान मिळायला तालुक्याला जावं लागत असेल, तर सुटे भाग परवडतात.

मी ती लिव्हर दुकानात परत केली आणि ओढीचा मेळ पाहून दुसरी आणली. या वेळी उतारावर नाही, शाळेच्या पटांगणातच तपासली. आधी मी, मग त्यानं. तुम्हीही नवी लिव्हर बसवली, की सायकल हातात धरून ढकला आणि ब्रेक दाबा. चाक जागच्या जागी थांबलं, तरच सीटवर बसा!