घाईच्या शब्दांची कुळकथा

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाने निबंधात ‘आई बिगीबिगी बाजाराला गेली’ असे लिहिले होते. आम्ही ‘बिगीबिगी’वर तांबडी रेघ ओढली आणि वर ‘लवकर’ लिहिले. शब्द गावंढळ आहे, अशी आमची समजूत होती. ती किती चुकीची होती, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वेगाचे शब्द प्रत्येक समाज आपल्या जगण्यातून घडवतो. इंग्रज दर्यावर्दी. जहाजाची गती मोजण्यासाठी त्यांचे खलाशी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडीत आणि ठरावीक वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजीत. त्यावरून कोणी भरवेगाने निघाला, की ‘गाठींच्या वेगाने गेला’ असे त्यांच्या बोलीत म्हणू लागले. देशावरच्या मराठी माणसाजवळ घोडा होता. म्हणून आपल्याकडे उधळणे ‘चौखूर’ असते आणि उतावळा माणूस ‘घोड्यावर बसून’ येतो. ‘पोबारा’ मात्र सोंगट्यांच्या पटावरून आला. पौ म्हणजे एक; एक आणि बारा असे ते दान. हिंदीत ते भाग्याचे ठरले, मराठीत पलायनाचे!

आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तर घाईलाही अनेक भाषा येतात. बहमनी दरबाराची भाषा फारसी, निजामी कारभाराची उर्दू. फारसीतला ‘जल्द’ मराठीत ‘जलद’ झाला आणि इकडच्या कानडीत ‘जल्दी’ होऊन रुळला. शेजारचे कानडी आजोबा नातवाला ‘लगू बा’ म्हणून हाक मारतात, तो ‘लगू’ म्हणजे संस्कृत ‘लघु’. कोणी ‘बेग बा’ म्हणतात. संस्कृत ‘व’चा कानडीत पुष्कळदा ‘ब’ होतो. ‘वन’चे ‘बन’ झाले, तसाच ‘वेग’चा ‘बेग’. आता आपल्या संतवाङ्मयातील ‘वेगीं’ आठवावा आणि मग खेड्यातील ‘बिगीबिगी’ ऐकावे. एकाच कुळातली ही भावंडे! आम्ही ज्यावर रेघ ओढली, तो शब्द असा जुन्या घराण्याचा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि हा मुलूख म्हैसूर राज्यात आला. सरकारी कागदांची भाषा पालटली, तरी ओसरीवरची मराठी टिकली. आज मात्र त्याच ओसरीवर सर्व घाईला ‘फास्ट’ हा एकच शब्द उरू पाहत आहे. पाहुणा दारी येताच होते ती लगबग, वाटेत कोठेही न थांबता जाणे ते तडक, आणि भराभर पावले उचलत चालणे ते बिगीबिगी. या छटा ‘फास्ट’मध्ये कशा मावाव्यात?

म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की घरातील वडीलधारी माणसे घाईला काय काय म्हणतात, ते मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. आम्ही आमच्या शाळेत हा उपक्रम सुरू केला आहे. वहीतला पहिला शब्द कोणता, हे सांगावयास नकोच.