पाचवी चिमणी

येशू ख्रिस्ताच्या काळी पॅलेस्टाईनच्या बाजारात चिमण्या विकल्या जात. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांचा भाव एका दमडीस दोन असा आहे. लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांस पाच. म्हणजे चार घेतल्या की पाचवी फुकट! बाजाराने जिला काहीच किंमत दिली नाही, त्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू सांगतो. माणसाचे मोल तो अधिक मानतो, हे खरे. पण म्हणून चिमणीचे मोल शून्य होत नाही.

1967 साली अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी आरोप केला की, पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराने माणसाला सृष्टीचा धनी ठरविले आणि तिच्या लुटीस वाट करून दिली. या आरोपात मुळीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला सत्ता दिली आहे, त्याच्याच दुसऱ्या अध्यायात त्याला बागेची मशागत व राखण सोपविली आहे. राखणदार म्हणजे मालक नव्हे. शिवाय माणूस जन्मण्यापूर्वीच देवाने जलचर, पाखरे व पशू चांगले आहेत असे पाहिले. जलप्रलयानंतरचा करारही केवळ नोहाशी नव्हे, तर प्रत्येक सजीवाशी केला. म्हणजे वन्य जीवांचे मोल आपल्या उपयोगावर अवलंबून नाही.

हा विचार आचरणात कसा दिसतो? उत्तर इथिओपियात शेतीसाठी व गुरांसाठी बहुतेक रान तुटले. उरले ते मुख्यतः ऑर्थोडॉक्स देवळांभोवती. तेथील भाविक या झाडीला एदेन बागेची खूण मानतात. आपल्याकडील देवराईची आठवण व्हावी, असेच हे दृश्य! माकडे, पाखरे, मधमाश्या यांना तेवढाच आसरा. पण पुष्कळशी राने अवघी काही एकरांची. त्यांत गुरे शिरून रोपे खात. तेव्हा वनशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी व अमेरिकन शास्त्रज्ञ मार्गारेट लोमन यांनी धर्मगुरूंना व गावकऱ्यांना हाताशी धरले. शेतांतले दगड वेचून रानाभोवती गडगे घातले गेले. शेत मोकळे झाले आणि रोपेही वाचली.

श्रद्धेने रान राखले, शास्त्राने तिला गडग्याची जोड दिली. आपणही एखाद्या जीवाला निरुपयोगी ठरविण्यापूर्वी त्या पाचव्या चिमणीचा हिशेब आठवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.