दोनशे गेज

पुण्याच्या बोहरी आळीतलं पॅकिंगच्या सामानाचं दुकान. माझ्यापुढे उभ्या काकू पापडांची चवड काउंटरवर ठेवतात.

"पापड ७ इंची आहेत. आठ बाय दहा दे."

काउंटरवरचा मुलगा मान हलवतो. पिशवीचं माप रिकामी, सपाट ठेवून घेतात. माल आत गेला की ती फुगते आणि रुंदी कमी पडते. तो चवडीला पट्टी लावतो. उंची २ इंच. "७ आणि २, ९. इंचभर सैल हवं, नाहीतर कडा मोडतील. लांबीत सीलची जागा. दहा बाय बारा घ्या." ही बेरीज मला भलतीच आवडते.

मग प्लास्टिकच्या प्रकारांचे नमुने पडतात. एलडी हाताला मऊ, एचएम धुरकट आणि कुरकुरणारी, पीपी स्वच्छ, चकचकीत. पापडाला पीपी.

"गेज?"

"दोनशे."

बाजारात ४ गेजला १ मायक्रॉन धरतात. २०० म्हणजे ५०. केंद्राच्या २०१६च्या नियमांत पॅकिंगच्या प्लास्टिकची किमान जाडी हीच आहे. कॅरी बॅगला देशात ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉन लागतात. महाराष्ट्रात तर ती २०१८पासून, कितीही जाड असली तरी, बंदच आहे. (मंडईत हे कुणाला सांगायला जाऊ नये.)

मुलगा गठ्ठ्यातली एक पिशवी मापकाच्या चिमटीत धरतो. आकडा ०.०७६ मिलिमीटर. "बघा, ७६ मायक्रॉन!"

"अरे, दोन्ही पदर धरलेस. काप, एकच धर."

कात्री चालते. ०.०३८. म्हणजे जेमतेम दीडशे गेज.

"बाकीची गिऱ्हाइकं पातळच मागतात, काकू. किलोत जास्त येतात."

खोटं नाही बोलत तो. पिशवी विकली जाते किलोवर, वापरली जाते नगावर. दहा बाय बाराच्या ५० मायक्रॉनच्या पिशव्या किलोत १४०च्या आसपास बसतात, या १८५च्या वर. पण शिवणीला उसवून पापड सादळले, तर ते परत येणार काकूंकडे, दुकानदाराकडे नाही.

काकू दुसरा गठ्ठा मागवतात आणि त्यातल्या १० पिशव्या काट्यावर टाकायला लावतात. ७१ ग्रॅम. "हा बांध."

घरी मापक नसलं तरी स्वयंपाकघरातला छोटा काटा असतोच. या मापाच्या १० पीपी पिशव्या ७० ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. ५३ भरल्या, तर गठ्ठा परत करा.