पाव मिलिमीटरचा प्रश्न

ठाण्यातल्या माजिवड्याच्या नाक्यावर रात्री मान वर केली तर उड्डाणपुलांच्या दिव्यांपलीकडे मोजकेच तारे दिसतात. म्हणून ठाणे-डोंबिवलीचे आकाशप्रेमी वांगणी गाठतात. संशोधनाची दुर्बीण त्याहून लांब न्यावी लागते. पुण्याच्या आयुका या संस्थेने 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण घोडेगावजवळच्या गिरवलीत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटर उंचीवर उभारली. 2006 साली तिचं लोकार्पण झालं.

एवढ्या मोठ्या यंत्रात फोकस बिघडायला फार काही लागत नाही. थंडी पुरते.

पोलादाचा मीटरभर दांडा एका अंशाने थंड झाला की साधारण 12 मायक्रॉन आखडतो. मुख्य आणि दुय्यम अशा दोन आरशांमधला पोलादी सांगाडा चार मीटरचा धरला आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा पाच अंश उतरला, तर अंतर जवळजवळ पाव मिलिमीटरने घटतं. मुख्य आरसा एफ/3 आणि अंतिम फोकस एफ/10 असलेल्या अशा रचनेत ही चूक बारा पट होऊन कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. ताऱ्याचा ठिपका सुमारे तीन विकलांइतका (आर्कसेकंदांइतका) पसरतो. चांगल्या रात्री वातावरण त्याला एक-दीड विकलाच पसरवतं. म्हणजे हवेपेक्षा आपल्याच यंत्राने जास्त नुकसान केलं!

उपाय म्हणजे दुय्यम आरसा पुढे-मागे सरकवणं. स्वयंचलित पद्धतीत संगणक तो सात-आठ जागी थांबवतो, प्रत्येक जागी ताऱ्यांचा फोटो घेतो आणि ठिपक्यांची रुंदी मोजतो. रुंदी आधी घटते, मग वाढते. आलेखावर वाटीसारखी रेषा उमटते आणि तिच्या तळाशी फोकस सापडतो.

पण एकदा उत्तर मिळालं म्हणून पद्धत भरवशाची ठरत नाही. खरी चाचणी तिथून सुरू होते. आरसा मुद्दाम दोन्ही बाजूंना हलवायचा आणि दर वेळी संगणक त्याच जागी परततो का, ते पाहायचं. आरसा सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये थोडा ढिलेपणा असतो. म्हणून अखेरची हालचाल नेहमी एकाच दिशेने केली नाही तर आकडा तोच राहूनही आरसा वेगळ्याच जागी थांबतो. दुर्बीण क्षितिजाकडे झुकली की स्वतःच्या वजनाने सांगाडा किंचित वाकतो, तेव्हा माथ्यावरच्या ताऱ्यावर घेतलेली परीक्षा पुरत नाही. हवेची थरथरही क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे एखादा फोटो निव्वळ नशिबाने स्पष्ट येतो आणि वाटीचा तळ सरकवतो.

सगळ्यात मोलाची चाचणी ढगांची. तारे अंधुक झाले, एखादा जोडतारा किंवा दीर्घिका मोजणीत शिरली, तर आलेख वाकडातिकडा होतो. अशा वेळी चांगल्या प्रणालीने उत्तर रेटून देऊ नये. जुनी जागा आणि तापमान यांवरून अंदाज धरावा आणि नोंद करावी. पन्नासदा बरोबर येऊन एकदा बेधडक चुकणाऱ्या प्रणालीपेक्षा नकार देणारी प्रणाली कितीतरी बरी, कारण त्या एका चुकीत अख्खी रात्र जाते.

गिरवलीच्याच जातकुळीची, त्याच कारखान्यात घडलेली लिव्हरपूल दुर्बीण कॅनरी बेटांवर माणसाविना रात्र काढते. लडाखमधल्या हानलेची 0.7 मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीणही स्वयंचलित पद्धतीने चालते. ती भारतीय ताराभौतिकी संस्था आणि माजिवड्याहून फारशी लांब नसलेली पवईची आयआयटी मिळून चालवतात. तिथे नवतारा भडकल्याची खबर मध्यरात्री येते, आणि पहिला फोटो घेण्याआधी फोकस तपासायला दुर्बिणीशेजारी कुणी बसलेलं नसतं.