दसऱ्याचे म्हैसूर, दोघांचे!

मुलांच्या परीक्षा, पाहुणे, फराळाची तयारी... या धबडग्यात तुम्ही दोघेच असे शेवटचे कधी फिरलात? यंदा आश्विनात म्हैसूर गाठा. मुक्काम अग्रहार भागात केलात, तर राजवाडा पायी जाण्याइतका जवळ.

एका सकाळी चामुंडी टेकडीच्या सुमारे १००० पायऱ्या चढा. वाटेत एकाच दगडातून कोरलेल्या भव्य नंदीपाशी विसावा घ्या.

टेकडीच्या पायथ्याशीच रेसकोर्स आहे. शर्यतीचा दिवस आधी विचारून घ्या. आयुष्यातली पहिली शर्यत पाहताना टापांचा आवाज छातीत घुमतो! मात्र घरखर्चाचे पैसे घोड्यावर लावू नका. परतीच्या प्रवासात अबोला ठरलेला! पैज हवीच, तर आपसात लावा. हरेल त्याने म्हैसूरपाक आणावा.

विजयादशमीला जंबू सवारी. सुमारे ७५० किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीतून चामुंडेश्वरी राजवाड्यापासून बन्नीमंटपाकडे निघते. बन्नी म्हणजे आपली शमी.

जाताना आपट्याची दोन पाने पर्समध्ये ठेवा. दसऱ्याला आपण साऱ्या गावाला सोने वाटतो. जोडीदाराला द्यायचे तेवढे राहून जाते.